मिरासदार पाणी

नागर मध्यमवर्गात अलीकडे हस्तकलांविषयी जी एक नवी आस्था उत्पन्न झाली आहे, आणि जिच्यामुळे रविवारच्या फावल्या वेळी मातीचा गोळा घरी आणून त्याच्या पणत्या, वाट्या व लहानशा फुलदाण्या घडवण्यात कित्येक सुशिक्षित स्त्री-पुरुष रमलेले दिसतात, त्या आस्थेच्या पोटी एक प्रश्न हटकून निघतो. हाताने घडवलेले हे बिनझिलईचे भांडे घरच्याच ओव्हनमध्ये, म्हणजे ज्यात आपण केक आणि नानकटाई भाजतो त्याच पेटीत, भाजून पक्के करता येईल काय? प्रश्न वरकरणी गृहकृत्याच्या दर्जाचा आहे, आणि त्याला ‘नाही’ एवढे एकाक्षरी वाटावे असे उत्तर देऊन प्रकरण दप्तरी दाखल करता येण्याजोगे आहे. परंतु त्याच्या आड जो गैरसमज दडला आहे तो केवळ उष्णतामानाच्या आकड्यांचा नाही. कुंभारकामात भांडे नेमके कोण घडवतो, याविषयीचा तो गैरसमज आहे, आणि म्हणून त्याची थोडी सविस्तर चौकशी करण्याचे मी योजले आहे.

घरगुती विजेचा ओव्हन, ज्याला दुकानदार ओटीजी म्हणतात, तो २५० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली हद्द गाठतो. आतील तेलकट डाग स्वतःच जाळून टाकणारे काही महागडे ओव्हन त्या शुद्धीकरणाच्या वेळी ५०० अंशांच्या जवळपास पोचतात खरे, पण तेवढ्या वेळापुरते त्यांचे दार कुलूपबंद असते आणि आत काही ठेवण्याची मुभा नसते. उलटपक्षी मातीचे भांडे पाण्याला दाद न देणारे व्हावयाचे, तर त्याला ६०० अंशांच्या पलीकडे जावे लागते. गावच्या कुंभाराचा आवा ७०० ते ९०० अंशांपर्यंत चढतो. आणि ज्यांना आपण चिनी मातीची भांडी म्हणतो त्यांना १२०० ते १४०० अंशांचा ताप सोसावा लागतो. या दोन हद्दींमधील अंतर किती मोठे आहे हे नुसत्या आकड्यांनी कळत नाही, कारण २५० आणि ६०० हे एकाच जिन्याचे खालचे-वरचे पायठे आहेत असा आपला समज होतो, आणि अधिक वेळ ताटकळत राहिले तर खालच्या पायठ्यावरूनही वरचे काम साधेल अशी आशा त्यातून उपजते.

मातीत पाणी दोन रीतींनी राहते. एक पाणी कणाकणांच्या मधल्या फटींत असते. त्याच्या योगाने माती मऊ होते, चाकावर चढते आणि बोटांच्या इशाऱ्याप्रमाणे वळते. दुसरे पाणी मातीच्या कणाच्या घटनेतच बांधलेले असते, इतके की त्याला पाणी म्हणणेही सैलपणाचे होईल. जुन्या मराठी गावात उपरी आणि मिरासदार असे कुणब्यांचे दोन वर्ग असत, ज्यांपैकी पहिला दुष्काळ पडताच बैल जुंपून परमुलखात निघून जाई आणि दुसरा वंशपरंपरेच्या हक्काने जमिनीला चिकटून राही. तसाच काहीसा हा भेद आहे. उपरी पाणी उन्हाने, वाऱ्याने आणि फार तर शंभर-सव्वाशे अंशांच्या उष्णतेने निघून जाते. मिरासदार पाणी मात्र साधारण ४५० अंशांपर्यंत जागचे हलत नाही, आणि ४५० ते ६०० या टप्प्यात जेव्हा त्याची उचलबांगडी होते तेव्हा ज्या घटनेत ते बांधलेले होते ती घटनाच मोडून पडते. त्याचे प्रमाणही किरकोळ नाही : शुद्ध केओलिन माती शंभर तोळे घेतली, तर तिच्यात असे पाणी सुमारे चौदा तोळे निघते. ते गेल्यानंतर उरणारा पदार्थ पुन्हा भिजवून चाकावर चढवता येत नाही. पुढे तापमान आणखी वाढले म्हणजे मातीतील काही क्षार व लोहयुक्त घटक कणांच्या कडांशी वितळू लागतात आणि थंड होताना काचेसारखे घट्ट होऊन कण एकमेकांशी सांधतात. मडक्याचा टणकपणा या दोन घटनांतून येतो, आणि दोहोंपैकी एकही २५० अंशांवर घडत नाही.

तेव्हा ओव्हनमधून जे बाहेर येते ते उत्तम वाळलेले भांडे असते, एवढेच. ते हाताला कठीण लागते, वजनाला हलके भरते, आणि अनभिज्ञ माणसाला भाजल्यासारखेच वाटते. त्यावर टिचकी मारावी तर आवाज मात्र बद्द येतो, आणि रात्रभर पाण्यात ठेवावे तर सकाळी तळाशी गाळ सापडतो. टिचकीची ही परीक्षा आपल्याकडे फार जुनी आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे फिरवून कच्चे मडके कोणते याचा निवाडा दिला, आणि तो नामदेवांच्या विरुद्ध गेला, ही कथा कीर्तनकारांनी घरोघर पोचवली आहे. तिचा पारमार्थिक अर्थ सांगण्याच्या भरात एवढेच विसरले जाते की ती मूळची धंद्यातली परीक्षा आहे आणि आजही ती चुकत नाही. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०–५१ साली उत्खनन होऊन ज्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांना त्या गावाचे नाव मिळाले, त्यांचे वर्णन करतानाही पुरातत्त्वज्ञ त्यांच्या धातूसारख्या खणखणीत नादाचा उल्लेख करतात. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभारांचा आवा किती चांगला तापत होता याची साक्ष त्यांची खापरेच देतात.

येथे एक हरकत घेतली जाते, आणि ती वाजवी असल्यामुळे तिचा विचार केला पाहिजे. उष्णतेचे कार्य तापमानाप्रमाणेच कालावधीवरही अवलंबून असते, हे खुद्द कुंभारकामाचे शास्त्रच सांगते. बर्लिनच्या हेरमान सेगर यांनी १८८६ मध्ये जे मृत्तिकाशंकू प्रचारात आणले, आणि जे भट्टीत ठेवले असता ठराविक ताप लागल्यावर मान टाकतात, ते निव्वळ तापमान मोजत नाहीत. ताप किती आणि किती वेळ, या दोहोंचा एकत्रित हिशेब ते दाखवतात. मग २५० अंशांवर एक तासाऐवजी एक अहोरात्र भांडे ठेवले तर काय बिघडले? बिघडत काहीच नाही, पण घडतही काही नाही. वेळ आणि ताप यांची देवघेव एका अरुंद पट्ट्यातच चालते. हजार अंशांच्या जागी नऊशे साठ अंश ठेवून काही तास वाढवले तर कसर भरून निघते, परंतु ज्या पायरीवर बंधने सुटूच लागत नाहीत त्या पायरीवर मुदतवाढ मागून उपयोग नसतो. २५० अंशांवर महिनाभर ठेवलेले भांडे पहिल्या दिवसापेक्षा अधिक भाजलेले नसते. सातत्याने सर्व साध्य होते असे शिकवणाऱ्या आपल्या समाजाला हे रुचणार नाही, पण मातीला समाजाच्या शिकवणीशी कर्तव्य नाही.

याच ओव्हनमध्ये खरोखर ‘भाजला’ जाऊ शकणारा एक खनिज पदार्थ आहे, आणि त्याची तुलना उद्बोधक आहे. जिप्सम नावाचा दगड सुमारे १५० अंशांवर तापवला की त्याच्या बांधील पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. परंतु हे पाणी गेले तसे परतही येते : त्या पिठात पाणी ओतताच ते आपला गेलेला हिस्सा परत घेऊन थिजते आणि पुन्हा जिप्समच होऊन बसते. सौम्य तापाने घडलेला बदल सौम्यपणे उलटतो. मातीचा बदल उलटत नाही, कारण तो घडवण्यासाठी मोजावी लागलेली किंमतच तेवढी जबर असते. पेणच्या कारखान्यांतील शाडूची मूर्ती आणि प्लास्टरची मूर्ती यांचा जो वाद दर भाद्रपदात ऐकू येतो, त्याच्या मुळाशीही हेच रसायन आहे. शाडू भट्टीत गेलेलाच नसतो, म्हणून तो पाण्यात विरघळून परत माती होतो. प्लास्टर थिजून दगड झालेले असते, म्हणून ते विसर्जनानंतर तळाशी पडून राहते.

मातीच्या या उंबरठ्याविषयी मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की, तो डोळ्यांना दिसतो. जॉन ड्रेपर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये दाखवले की घन पदार्थ, मग तो लोखंड असो वा दगड, सुमारे ५२५ अंशांवर पोचला की अंधारात मंद लाल प्रकाश देऊ लागतो. हा टप्पा मिरासदार पाण्याच्या उचलबांगडीच्या ऐन मध्यावर पडतो. निसर्गाने हा योगायोग घडवला नसता तर तापमापकाच्या आधीच्या हजारो वर्षांत कुंभाराचा धंदा बहुधा अंधारातच चाचपडला असता. घडवला म्हणून आव्याच्या फटीतून आत डोकावणाऱ्या निरक्षर कारागिरालाही मडके ‘लाल दिसले’ म्हणजे काम झाले हे कळत आले. इंग्लंडातील जोसाया वेजवुड याने १७८२ मध्ये भट्टीची उष्णता मोजण्यासाठी मातीच्या गोळ्यांच्या आकुंचनावर आधारलेले जे मापक रॉयल सोसायटीपुढे मांडले, त्याचे शून्य त्याने दिवसाउजेडी दिसणाऱ्या लालीवर ठेवले होते. त्याचे वरचे आकडे पुढे फार फुगलेले ठरले, पण शून्याची जागा त्याने अस्सल कुंभाराच्या नजरेने निवडली होती, यात शंका नाही. त्याच्या मोजपट्टीवर आपल्या ओव्हनला जागाच नाही. ओव्हनमध्ये जे लाल दिसते ती तार असते. आतील भांडे कधीही स्वतःच्या तेजाने दिसत नाही, ते दिसण्यासाठी निर्मात्याला दिवा बसवावा लागतो.

गंमत अशी की आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात हे तापमान होते. मातीची चूल कच्ची घातली जाई, रोज शेणाने सारवली जाई, आणि बाहेरून ती शेवटपर्यंत कच्चीच राही. परंतु वैलापाशी आणि जाळाच्या तोंडाशी तिची आतली बाजू काही महिन्यांत विटेसारखी तांबूस व कणखर होऊन जाई. पुरातत्त्वज्ञ प्राचीन चुलीची जागा ओळखतात ती याच भाजलेल्या तांबड्या मातीवरून. आधुनिक ओव्हनने स्वयंपाकाला शिस्त लावली, धूर घालवला आणि गृहिणीचे डोळे वाचवले, हे त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण ज्या अग्नीला कुंभारकाम हे आनुषंगिक काम म्हणून जमत होते, तो अग्नी मात्र त्याच्यापाशी नाही. शेतात गोवऱ्यांचा उकिरडाभर ढीग रचून त्यात भांडी ठेवली, वर पाचट आणि राख पसरली आणि ढीग पेटवून दिला, तर त्यात ७०० अंश सहज साधतात. हजारो रुपयांचे यंत्र जे करू शकत नाही ते शेण करते, ही वस्तुस्थिती प्रगतीच्या सरळ रेषेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी एकदा शांतपणे विचारात घ्यावी.

आपल्या प्राचीन दार्शनिकांना या घटनेचे महत्त्व आपल्यापेक्षा अधिक कळले होते. सावळे कच्चे मडके भट्टीतून तांबडे होऊन निघते, तेव्हा नेमके काय घडते, यावर न्याय आणि वैशेषिक या दोन भगिनी-दर्शनांत मोठा वाद झाला. वैशेषिकांचे म्हणणे असे की अग्नीच्या आघाताने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंतील जुने रूप नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, आणि मग त्या भाजलेल्या परमाणूंचा पुन्हा घट बनतो. हे सर्व इतक्या त्वरेने होते की तोच घट होता असा आपल्याला भास होतो. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांनी ही कल्पना अतिरेकी ठरवली आणि घट अखंडच राहतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तेज आत शिरून सबंध घटालाच भाजते, असा पिठरपाकाचा पक्ष मांडला. आजच्या रसायनशास्त्रापुढे हा दावा नेला तर त्याला दोन्ही पक्षांना निम्मा-निम्मा हुकूमनामा द्यावा लागेल : आकार अखंड राहतो हे नैयायिकांचे खरे, आणि कणांच्या आत जुनी रचना मोडून दुसरी उभी राहते हे वैशेषिकांचे खरे. माझा कल वैशेषिकांकडे आहे. घडवणाऱ्या हाताला दिसतो तो आकार, आणि आकार तर बदलला नाही, म्हणून भाजणे ही केवळ शेवटची औपचारिकता आहे, असे समजणाऱ्या माणसाला हलवून जागे करण्यासाठी त्यांचाच अतिरेक उपयोगी पडेल.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला सांगतो त्या दृष्टान्तावरही या निमित्ताने एक अदबीची हरकत नोंदवावीशी वाटते. एक मृत्पिंड जाणला की मातीचे सर्व विकार जाणले जातात, कारण विकार हे नावापुरते आणि माती तेवढी सत्य, असा त्याचा आशय आहे. कच्च्या मडक्याविषयी हे अक्षरशः खरे आहे. ते भिजवा, नाव गेले, माती उरली. पण भाजलेले खापर कुटून, दळून, वर्षभर भिजत घातले तरी त्याची माती होत नाही. कुंभार तो चुरा नव्या मातीत मिसळतात, आणि तो तेथेही मातीत विरत नाही, तिला तडे जाऊ नयेत म्हणून रेतीसारखा आधार देतो. खापर मातीकडे परतत नाही, म्हणूनच चीनमधील शिआनरेनदोंग गुहेत सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची खापरे आपल्याला सापडू शकली. ओव्हनमधल्या भांड्याने मात्र उद्दालकाच्या बाजूने साक्ष दिली असती.

यावरून कच्ची माती हलकी आणि भाजलेली श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मला मान्य होणार नाही. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे दीर्घ उत्खनन केले, त्यात एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत ठेवलेली शिरोहीन देवी आणि तिच्याबरोबर एक बैल सापडला, आणि ही मूर्ती कच्च्या मातीची होती; त्याच वस्तीत कुंभाराची भट्टीही मिळाली आहे. म्हणजे भाजण्याची विद्या हाताशी असताना तिथल्या माणसांनी देवी कच्ची ठेवली. मराठवाड्यातील माळवदे आणि दख्खनच्या खेड्यांतील पांढऱ्या मातीच्या गढ्या यांनीही अग्नी पाहिलेला नाही, आणि वरचे पाणी अडवण्याची काळजी घेतली तोवर त्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. कच्चेपणाला स्वतःचे शील आहे, स्वतःचे उपयोग आहेत, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. माझी तक्रार आहे ती कच्च्या वस्तूला भाजल्याची खोटी सनद देण्याविरुद्ध. बाजारात ‘ओव्हनमध्ये भाजण्याची माती’ या नावाने जो रंगीत गोळा मिळतो, तो तर माती या संज्ञेलाच पात्र नाही. तो पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकमध्ये मऊपणा आणणारे द्रव्य मिसळून केलेला असतो, सुमारे १३० अंशांवर घट्ट होतो, आणि जास्त तापला तर आम्लयुक्त उग्र धूर सोडतो. त्याचे दागिने करावेत, मुलांनी त्यात खेळावे. पण त्याची वाटी करून तीत कोशिंबीर वाढू नये.

या सर्वाच्या मुळाशी एक मनोवृत्ती आहे. कुंभारकाम म्हणजे चाक, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की हौशी वर्गांत तास-दोन तास चाकावर बसवून माणसाला ‘मी मडके केले’ या समाधानासह घरी पाठवले जाते, आणि त्याच्या पश्चात ते मडके कुणीतरी, कुठेतरी, केव्हातरी भाजते. घडवण्याचे श्रेय आपले, भाजण्याचे काम परक्याचे. वास्तविक चाकाशिवाय, नुसत्या हाताने व थापटण्याने, मोठमोठे रांजण झाले आहेत. अग्नीशिवाय एक पणतीही झालेली नाही. लाल की काळे, हे हात ठरवत नाही : हवा मोकळी मिळाली तर मातीतील लोह तांबडे होते, हवा कोंडली तर तेच भांडे धुराने काळे पडते, आणि विदर्भातील शिलावर्तुळांत सापडणारी काळी-तांबडी भांडी या दोन्ही अवस्था एकाच भांड्यावर आणण्याइतके अग्नीवर प्रभुत्व असणाऱ्यांनी केलेली आहेत. माठात पाणी गार राहते तेही हाताच्या कौशल्याने नाही. आव्याचा ताप भांडे टणक करण्याइतका असतो, पण छिद्रे मिटवण्याइतका नसतो. त्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. शंभर अंश अधिक किंवा उणे झाले की माठाचा धर्म बदलतो. ज्याने हा अग्नी सांभाळला त्याचे गावगाड्यातले बलुते थोरल्या ओळीत धरले जात नसे, हा आपल्या जुन्या व्यवस्थेचा अन्याय. आणि त्याचा अग्नी बटण फिरवून घरात येईल असे समजणे ही त्याच अन्यायाची नवी आवृत्ती, असे मला म्हणावेसे वाटते.

काही थोड्यांनी याच्या अगदी उलट दिशेने विचार केला. इराणी वास्तुविशारद नादिर खलिली आणि पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचे रे मीकर यांनी कच्च्या विटांचे सबंध घर बांधून तेच आतून पेटवण्याचे प्रयोग केले. म्हणजे घरात भट्टी आणण्याऐवजी घरालाच भट्टी केले. ते प्रयोग सरसकट रूढ झाले नाहीत आणि होण्याचा संभवही दिसत नाही, पण त्यांची मातीविषयीची समजूत आपल्यापेक्षा खोल होती.

मग ओव्हनला काहीच काम उरत नाही काय? एक उरते, आणि ते महत्त्वाचे आहे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. भांड्याच्या जाड बुडात ओल राहिली आणि भांडे एकदम जाळात गेले, तर ते फुटते व शेजारच्यांनाही घेऊन जाते. म्हणून आव्यात जाण्यापूर्वी भांडे शंभर अंशांच्या थोडे खाली, दार किंचित उघडे ठेवून, काही तास ओव्हनमध्ये ठेवणे ही उत्तम पूर्वतयारी आहे, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा पुण्या-मुंबईच्या हवेत माती आठ-आठ दिवस सुकत नाही. त्यानंतर मात्र ते भांडे खऱ्या अग्नीच्या स्वाधीन केले पाहिजे, आणि शहरवासीयाची खरी अडचण येथे सुरू होते. गच्चीवर गोवऱ्या पेटवू म्हटले तर सोसायटीचा चिटणीस नोटीस काढील, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या कापसाच्या टाकाऊ चिंध्यांवर पेटतात आणि त्यांचा धूर सभोवारच्या वस्तीच्या छातीत जातो. त्या धुराविषयी तक्रार करणारे आणि दिवाळीला त्याच भट्टीतल्या पणत्या घेणारे लोक पुष्कळदा एकच असतात. विजेची भट्टी हा निर्धूर मार्ग आहे, पण ती एकट्या घराला परवडणारी नाही आणि एकट्या घराच्या पणत्यांनी ती भरतही नाही. ज्या महानगरपालिका तरणतलाव, व्यायामशाळा आणि नाट्यगृहे चालवतात त्यांनी प्रत्येक प्रभागात नाही तरी शहरात चार ठिकाणी सार्वजनिक भट्टी ठेवावी, ती चालवण्यासाठी आव्याची परंपरा जाणणारा कुंभार पगारी नेमावा, वजनावर माफक दर आकारावा आणि पहिला हक्क शाळांच्या मुलांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. जागेचा प्रश्न निघेल, वीजबिलाचा निघेल, आणि हे काम उद्यान खात्याचे की शिक्षण खात्याचे यावर दोन वर्षे पत्रव्यवहारही होईल. तोपर्यंत ज्यांच्या वाट्या वाळून तयार आहेत त्यांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून जवळच्या कुंभारवाड्यात न्याव्यात आणि तिथल्या कुंभाराच्या पुढच्या आव्यात जागा मागावी. भाजणावळ आधी ठरवून घ्यावी, आणि भांडी ठेवताना आपणही तेथे थांबावे.